आईचा वारसा आणि कर्करोगाची पेशी

विवाह जुळवितांना गोत्र, प्रवर आणि पत्रिका पाहण्याची चाल आपल्या घरांतून अद्यापि चालू आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या जुन्या चौकशींत एका नव्या प्रश्नाची भर पडत चालली आहे. "मुलीच्या आईला कांहीं झालें होतें काय?" असें हलक्या आवाजांत विचारलें जातें, आणि 'कांहीं' या शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतो. आपल्या आजोबांच्या काळीं हा शब्द क्षयासाठीं राखलेला असे. आतां तो कर्करोगासाठीं वापरला जातो. या चौकशीला अलीकडे शास्त्राचाही आधार मिळाल्यासारखा भासूं लागला आहे. कर्करोगाच्या पेशींतील तंतुकणिकांमध्यें आनुवंशिक द्रव्याचे बदल आढळतात, हें एक वृत्त; तंतुकणिका संततीला आईकडूनच मिळतात, हें दुसरें. दोन्ही वृत्तें खरीं आहेत. पण या दोन खऱ्या वाक्यांची बेरीज करून "म्हणजे कर्करोग आईकडूनच येतो" असें जें तिसरें वाक्य माजघरांत तयार होतें, तें मात्र खोटें आहे. त्या वाक्यानें निरपराध स्त्रीच्या माथीं दोष येतो, तिच्या मुलींच्या विवाहांत अडथळा उभा राहतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे दुखणें लपविण्याची बुद्धि होते. म्हणून या महिन्यांत हा विषय थोडा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपलें शरीर अगणित पेशींचें बनलेलें आहे. पेशीच्या अंतर्भागीं केंद्रक असतें, व त्यांत ४६ गुणसूत्रें असतात. त्यांपैकीं २३ पित्याकडून व २३ मातेकडून आलेलीं असतात. घराण्याचे दस्तऐवज पेटींत कुलूपबंद असावेत, तसा हा वारसा केंद्रकांत सुरक्षित असतो. परंतु पेशी हें केवळ दस्तऐवजांचें दप्तर नव्हे; तें एक नांदतें घर आहे, आणि नांदत्या घराला चूल लागते. ही चूल म्हणजे तंतुकणिका. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायु आणि अन्नापासून मिळालेलीं द्रव्यें यांचा मेळ येथें होतो, व पेशीला लागणारी ऊर्जा निर्माण होते. फरक इतकाच कीं, पेशींत अशी एकच चूल नसते. ज्या अवयवाला काम अधिक, त्याच्या पेशींत चुली अधिक. हृदय, मेंदू, यकृत यांच्या पेशींत त्यांची संख्या शेंकड्यांनीं, कोठें हजारांनीं मोजावी लागते. तर रक्तांतील पक्व तांबड्या पेशींत एकही नसते.

या चुली सर्वस्वीं केंद्रकाच्या हुकमतींत नाहींत. त्यांच्यापाशीं स्वतःची एक लहानशी पोथी आहे. १९६३ सालीं मार्गिट नास व सिल्व्हन नास या संशोधकांनीं कोंबडीच्या गर्भाच्या पेशी विद्युत्सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतांना तंतुकणिकांच्या आंत डीएनएचे तंतु असल्याचें दाखविलें. पुढें १९८१ सालीं केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनीं मनुष्याच्या या डीएनएची संपूर्ण अक्षरमाला वाचून प्रसिद्ध केली. तींत १६,५६९ अक्षरजोड्या व ३७ जनुकें आहेत. केंद्रकांतील सुमारें ३०० कोटी अक्षरांच्या महाग्रंथापुढें हें एक पानच म्हणावयाचें. परंतु यांतील १३ जनुकें ऊर्जा उत्पन्न करणाऱ्या यंत्रणेचे अत्यावश्यक भाग घडवितात, आणि उरलेलीं २४ त्या घडणींत साहाय्य करतात. पेशीच्या घरांत ही स्वतंत्र पोथी आली कोठून? अतिप्राचीन काळीं तंतुकणिका हे स्वतंत्र जीवाणु होते, ते दुसऱ्या पेशीच्या आश्रयास आले व तेथेंच रमले, असें मत लिन मार्ग्युलिस या विदुषीनें १९६७ सालीं आग्रहानें मांडलें. आज तें सर्वमान्य झालें आहे. आश्रयास आलेला पाहुणा घरचाच झाला, पण आपली पोथी त्यानें टाकली नाहीं.

आतां वारशाकडे वळूं. गोत्र पित्याकडून चालतें, आणि विवाह होतांच मुलीचें गोत्र बदललें असें आपण मानतों. तंतुकणिकांचा क्रम याच्या नेमका उलट आहे. स्त्रीबीजांत या पोथीच्या एक लाखाहूनही अधिक प्रती असूं शकतात. पुंबीजांत त्या फार थोड्या असतात, व ज्या असतात त्याही फलनानंतर नष्ट केल्या जातात. त्यामुळें मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही ही पोथी आईकडून मिळते. मात्र पुढें ती देते केवळ मुलगी. आपल्या वंशावळींत ज्या पणज्या-खापरपणज्यांचीं माहेरचीं नांवेंही कोणीं टिपून ठेवलीं नाहींत, त्यांची अक्षरें आपल्या प्रत्येक चुलीपाशीं लिहिलेलीं आहेत, ही गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. शिवाय या पोथ्या जातींच्या रेषा पाळीत नाहींत. ज्या मातृशाखेला शास्त्रज्ञ 'एम' या अक्षरानें ओळखतात, ती भारतांतील निम्म्याहून अधिक लोकांत सांपडते. ब्राह्मणांतही सांपडते आणि आदिवासींतही.

येथवर आईच्या वारशाची कथा झाली. यापुढची कथा वाटणीची आहे, आणि कर्करोगाचा संबंध तिच्याशीं आहे. एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हां केंद्रकांतील ग्रंथाची वाटणी अगदीं काटेकोर होते. रीतसर वाटणीपत्र व्हावें आणि दोन्ही भावांना समसमान हिस्सा मिळावा, तसा हा प्रकार. परंतु चुलींची वाटणी मात्र घरांतील किरकोळ भांड्यांप्रमाणें होते. ज्याच्या हाताला जें लागेल तें त्याचें. समजा, एका पेशींत पोथीच्या हजार प्रती आहेत, आणि नक्कल उतरतांना एका प्रतींत एक अक्षर चुकलें. वाटणींत ही चुकलेली प्रत एका लेकीकडे जाईल, दुसरीकडे जाणार नाहीं. पुढें त्या लेकीच्या घरांत या प्रतीच्या नकला अधिक निघाल्या, तर दोनाच्या चार होतील. न निघाल्या, तर ती प्रत नामशेष होईल. अशा शेंकडो पिढ्या लोटल्यानंतर कांहीं पेशींत ती चूक मुळींच आढळणार नाहीं, कांहींत निम्म्या प्रतींत आढळेल, तर कांहींत सर्वच प्रती तशा झालेल्या असतील. २००१ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं गणितानें असें दाखविलें कीं, बदललेली प्रत पेशीभर पसरण्यास तिच्या अंगीं कांहीं विशेष गुण असावाच लागतो असें नाहीं. निव्वळ योगायोग आणि पुष्कळ पिढ्या, एवढें पुरतें. कर्करोगाच्या गांठींत पेशींच्या पिढ्या भराभर होत असल्यामुळें हा खेळ तेथें अधिक स्पष्ट दिसतो.

कर्करोग आणि तंतुकणिका यांचा संबंध जोडणारा पहिला मोठा शास्त्रज्ञ म्हणजे जर्मनीचा ओटो वारबुर्ग. पेशींच्या श्वसनाविषयींच्या संशोधनाबद्दल त्याला १९३१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कर्करोगाच्या पेशी प्राणवायु उपलब्ध असतांनाही साखर अर्धवट जाळतात व तिचें दुग्धाम्ल करतात, असें त्यानें १९२० नंतरच्या दशकांत पाहिलें होतें. यावरून त्याचें मत असें झालें कीं, या पेशींच्या चुलीच बिघडलेल्या असतात व तेंच रोगाचें मूळ होय. त्याचें निरीक्षण खरें ठरलें. आज मुंबई-नागपुराकडे रोग शरीरांत कोठवर पसरला आहे हें पाहण्यासाठीं जी 'पेट' नांवाची तपासणी करतात, ती साखरेच्या याच हव्यासावर आधारलेली आहे. पण त्याचें अनुमान पुरतें टिकलें नाहीं. बहुतेक कर्करोगांत चुली पेटत्याच असतात, असें पुढील संशोधनानें सिद्ध झालें. निरीक्षण खरें असूनही अनुमान चुकूं शकतें, हा धडा नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यालाही चुकला नाहीं; तेव्हां माजघरांतील अनुमानांविषयीं आपण सावध राहावें, हेंच योग्य.

१९९८ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें मोठ्या आंतड्याच्या कर्करोगापासून वाढविलेल्या १० पेशीवंशांची तपासणी झाली. त्यांपैकीं ७ वंशांत तंतुकणिकांच्या पोथीचीं अक्षरें बदललेलीं आढळलीं. पुढें काम फार विस्तारलें. २०१४ सालीं १,६७५ गांठींचा व २०२० सालीं ३८ प्रकारच्या २,६५८ कर्करोगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी कीं, असे बदल फार सामान्य आहेत. दुसरी अशी कीं, पोथीचा अर्थच बिघडविणारे बदल मूत्रपिंड, मोठें आंतडें व कंठग्रंथि यांच्या कर्करोगांत अधिक दिसतात. इतर पुष्कळ ठिकाणीं मात्र असे बदल वाढीस लागण्यापूर्वींच मागें पडतात, कारण चूल सर्वस्वीं विझली तर घरही चालत नाहीं. तिसरी गोष्ट कित्येकांना अनपेक्षित वाटेल. तंबाखूचा धूर किंवा सूर्याचे प्रखर किरण यांच्या आघाताच्या ज्या विशिष्ट खुणा केंद्रकांतील ग्रंथावर उमटलेल्या दिसतात, तशा खुणा या लहान पोथीवर दिसत नाहींत. तींतील बहुतेक चुका नक्कल उतरतांना, कालमानानें, आपोआप झालेल्या असतात.

तरीही इतक्या सर्व अभ्यासांत एक उणीव होती. गांठीचा तुकडा घेऊन त्यांतील लक्षावधि पेशी एकत्र कुटल्या, आणि मग आढळलें कीं निम्म्या प्रती बदललेल्या आहेत, तर त्याचा अर्थ काय? एखाद्या गांवच्या दहा घरांचें पीठ एकत्र केलें व तें निम्में ज्वारीचें, निम्में गव्हाचें निघालें, असें समजा. प्रत्येक घरीं दोन्ही धान्यें अर्धीं-अर्धीं दळलीं गेलीं असतील. किंवा पांच घरीं निव्वळ ज्वारी व पांच घरीं निव्वळ गहूं असेल. पीठ पाहून हा भेद कळत नाहीं; प्रत्येक घरचा डबा निराळा उघडून पाहावा लागतो. कर्करोगाच्या बाबतींत हा भेद क्षुल्लक नव्हे. प्रत्येक पेशींत थोड्या चुली मंद आणि बाकीच्या चांगल्या असतील, तर पेशीचा व्यवहार बहुधा फारसा बदलणार नाहीं. परंतु कांहीं पेशींत सर्वच चुली मंदावल्या असतील आणि कांहींत एकही नसेल, तर एकाच गांठींत दोन निराळ्या स्वभावांचीं कुळें नांदत आहेत असें म्हणावें लागेल, व एका औषधानें दोन्ही हटतील अशी खात्री देतां येणार नाहीं.

एकेका पेशीचा डबा निराळा उघडून पाहण्याची ही विद्या गेल्या १०-१५ वर्षांत साध्य झाली. २०१९ सालीं अमेरिकेंतील बॉस्टन-केंब्रिजच्या संशोधकांनीं तिचा एक चतुर उपयोग दाखविला. ज्या दोन पेशींत पोथीची तीच चूक आढळते, त्या बहुधा एकाच पूर्वजपेशीच्या संतति असतात. दोन हस्तलिखितांत एकच लेखनदोष आढळला तर तीं एकाच प्रतीवरून उतरलीं असावींत असें आपले पोथीसंशोधक ठरवितात, तोच हा न्याय. या चुकांच्या साहाय्यानें रक्ताच्या व गांठींच्या पेशींची वंशावळ लावतां येते: कोणती शाखा आधींची, कोणती नंतरची, उपचारानंतर कोणती उरली. म्हणजे एखादी चूक स्वतः निरुपद्रवी असली, तरी साक्षीदार म्हणून ती मोलाची ठरते.

सर्वच चुका निरुपद्रवी असतात असेंही नाहीं. २००८ सालीं जपानांतील त्सुकुबा येथें उंदरांच्या कर्कपेशींवर असा प्रयोग झाला कीं, दूरवर पसरणाऱ्या पेशींतील तंतुकणिकांचा डीएनए सहसा न पसरणाऱ्या पेशींत घातला. त्या पेशीही पसरूं लागल्या. २०१५ सालीं न्यूझीलंडमध्यें दिसून आलें कीं, ज्या कर्कपेशींतून ही पोथी काढून टाकली होती, त्यांनीं उंदराच्या शरीरांतील निरोगी पेशींपासून ती मिळविली आणि मगच त्यांची गांठ धरली. आणि २०२५ च्या आरंभीं जपानांतूनच असें वृत्त आलें कीं, कर्कपेशी आपल्या बिघडलेल्या तंतुकणिका रोगाशीं झुंजणाऱ्या रक्षकपेशींच्या अंगांत ढकलतात, व त्या रक्षकांना दुबळें करतात. शेजाऱ्याच्या घरची पेटती चूल उचलून आणणें आणि आपली विझलेली त्याच्या घरीं ठेवून येणें, असा हा विलक्षण व्यवहार आहे. यांतून उद्यां उपचारांच्या नव्या वाटा निघण्याचा संभव आहे. पण संभव म्हणजे औषध नव्हे, हें लक्षांत ठेवलें पाहिजे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. कर्करोगांत आढळणारे तंतुकणिकांचे हे बदल आईकडून आलेले असतात काय? वरील अभ्यासांची रीतच या प्रश्नाचें उत्तर देते. संशोधक गांठींतील पोथी त्याच रुग्णाच्या रक्तांतील किंवा निरोगी भागांतील पोथीशीं ताडून पाहतात. आईकडून आलेलें अक्षर दोन्हीकडे सांपडतें. जें केवळ गांठींतच सांपडतें, तें रुग्णाच्या हयातींत, त्याच्याच पेशींत, त्या ठिकाणीं उपजलेलें असतें. अभ्यासांत मोजले गेले ते हे दुसऱ्या प्रकारचे बदल. आईनें दिली ती शुद्ध पोथी; तिच्या नकला उतरतांना पन्नास-साठ वर्षांत ज्या चुका झाल्या, त्यांचा जाब आईला विचारणें म्हणजे मुलाच्या हस्ताक्षराबद्दल पंतोजीच्या आईला दोष देण्यासारखें आहे. तंतुकणिकांचे कांहीं विकार आईकडून खरोखरच येतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरुणपणीं दृष्टि मंद करणारा लेबरचा नेत्ररोग हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण आहे. परंतु ते निराळे रोग होत.

मग कर्करोग आनुवंशिक नसतोच काय? थोड्या कुटुंबांत असतो. स्तनाच्या कर्करोगांपैकीं शेंकडा ५ ते १० हे आनुवंशिक असावेत असें मानतात. त्यांस कारण होणारीं जीं दोन जनुकें सर्वांत प्रसिद्ध आहेत, तीं १९९४ व १९९५ सालीं हातीं लागलीं. तीं तंतुकणिकांत नसून केंद्रकांत, अनुक्रमें १७ व्या व १३ व्या गुणसूत्रावर आहेत. आणि केंद्रकांतील वारसा पित्याकडून व मातेकडून सारखाच येतो. ज्या पुरुषापाशीं असें दूषित जनुक आहे, त्याच्या प्रत्येक अपत्याला तें मिळण्याचा संभव निम्मा असतो, मग त्या पुरुषाला स्वतःला कधीं कांहीं झालेलें नसो. याचा अर्थ असा कीं, मुलीच्या आईची चौकशी करणारे लोक अर्धेंच घर पाहतात. आत्याला, वडिलांच्या आईला किंवा चुलत बहिणीला झालेला स्तनाचा अगर बीजांडाचा कर्करोग हा मावशीच्या दुखण्याइतकाच महत्त्वाचा आहे. आमच्या वाचकभगिनींना आमची विनंति आहे कीं, डॉक्टरांनीं घराण्याचा इतिहास विचारला असतां माहेर-सासर असा संकोच न ठेवतां पितृकुळ व मातृकुळ दोन्ही सांगावींत, आणि कोणत्या वयांत रोग झाला तेंही सांगावें. एकत्र कुटुंबाचा येथें मोठा लाभ आहे. तीन पिढ्यांची आठवण एका छपराखालीं उपलब्ध असते. मात्र ती आठवण बोलकी असली पाहिजे.

ही चर्चा दूरदेशीच्या प्रयोगशाळांची वाटूं नये, म्हणून आम्ही वर्धा जिल्ह्याकडे पाहूं. गांधीजी १९३६ सालीं ज्या शेगांवांत राहावयास गेले व ज्याचें पुढें सेवाग्राम झालें, तेथें डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षीं, महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था स्थापन केली. खेड्यांतील लोकांची सेवा हाच त्या विद्यालयाचा हेतु. ज्याला लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी म्हणतात तें कामही या संस्थेंत चालतें. आर्वी-आष्टी-कारंज्यापासून हिंगणघाट-समुद्रपुरापर्यंत आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची वस्ती २०११ च्या शिरगणतींत १३ लाखांची भरली. तींत वर्षाकांठीं कोणाला, कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला याची शक्य तितकी संपूर्ण नोंद ठेवावयाची, हें काम दिसण्यांत रूक्ष, पण त्याचें मोल फार. महाराष्ट्रांत खेड्यांसाठीं अशी नोंदणी १९८७ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें प्रथम सुरू झाली. त्यापूर्वीं आपली माहिती मुख्यतः शहरांची असे. वर्ध्याच्या नोंदवहींत पुरुषांत तोंडाचा आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अग्रभागीं दिसतो.

तोंडाचा कर्करोग म्हटला कीं विदर्भांतील खर्रा डोळ्यांपुढें येतो. कुटलेली सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला हा पदार्थ शेतमजुरापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांच्या गालांत सांपडतो. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, तरी संवय गेली नाहीं. अशा व्यसनांचा व मुखकर्करोगाचा संबंध जोडण्याचें पायाशुद्ध काम आपल्याच प्रांतांतही झालें आहे. १९४१ सालीं मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, व तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं निरनिराळ्या समाजांच्या चालीरीति आणि तोंडाच्या कर्करोगाची जागा यांचा मेळ घालून पाहिला. त्याच परंपरेंत २०१३ सालीं खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था व बंगालमधील कल्याणी येथील जनुकशास्त्र संस्था यांनीं मिळून गाल व हिरड्यांच्या कर्करोगांत केंद्रकांतील कोणतीं जनुकें बिघडतात याचा नकाशा प्रसिद्ध केला. थोडक्यांत, ज्या रोगाला आपण 'आईकडचा' म्हणून कुजबुजतों, त्याची नोंद वर्ध्याच्या वहींत पुष्कळदां गालांत धरलेल्या गोळ्याच्या नांवें करावी लागेल.

आमच्यांत खर्रा कोणी खात नाहीं, असें म्हणून सुशिक्षित घरांनीं स्वस्थ बसूं नये. भोजनोत्तर पानसुपारीचें तबक आपल्याच बैठकींत फिरतें, आणि तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगकारक आहे असा निर्णय जागतिक आरोग्यसंघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें दिला आहे. सुपारीनें गालांची त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासें होतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तोंडांत दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा अगर तांबडा चट्टा, गळ्याशीं न दुखणारी गांठ, स्तनांत नव्यानें लागलेली गांठ अगर त्वचेची खळी, अवेळीं होणारा रक्तस्राव, यांपैकीं कांहींही आढळल्यास वैद्याकडे जाण्यास लाजण्याचें कारण नाहीं. तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत १९९६ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणींत प्रशिक्षित सेवकांनीं घरोघर जाऊन केवळ उजेडांत तोंडें तपासलीं. तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्या लोकांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यु त्यामुळें सुमारें एक-तृतीयांशानें कमी झाले, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या तपासणीला डोळे आणि बत्ती यांपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं, ती वर्ध्याच्या खेड्यांत होऊं शकते आणि पुण्याच्या वाड्यांतही.

एक इशाराही द्यावासा वाटतो. तंतुकणिकांचें नांव नवें व भारदस्त असल्यामुळें त्या नांवावर चूर्णें, गोळ्या व तपासण्या विकणारे लोक पुढें येत आहेत. गांठींतील पेशींचा हा अभ्यास आज मुख्यतः संशोधनाच्या पायरीवर आहे; तो करून घेऊन घरच्या निरोगी मुलीचें भविष्य वर्तवितां येत नाहीं. 'चूल प्रज्वलित करणारीं' औषधेंही सावधपणें पाहावींत. फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर झालेल्या व १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हितकर मानलेल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होतां उलट शेंकडा १८ नें अधिक आढळला. गाजर खावें, गाजराच्या नांवाची गोळी घेण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

कुलवृत्तांत लिहिण्याची हौस आपल्या समाजाला पूर्वींपासून आहे. त्यांत इनामें, पदव्या व तीर्थयात्रा यांची नोंद असते. दुखण्यांची नसते, आणि सुनांच्या माहेरचा तर उल्लेखही पुष्कळदां नसतो. यापुढें ज्या घरीं कुलवृत्तांताची नवी आवृत्ति निघेल, तेथें दोन्ही बाजूंच्या स्त्रीपुरुषांचे मोठे आजार व ते झाले तेव्हांचीं वयें यांचें एक पान अवश्य जोडावें. तें पान विवाहाच्या बैठकींत कोणाला कमी लेखण्यासाठीं नव्हे, तर घरांतल्या मुलींनीं व मुलांनीं वेळेवर तपासणी करून घ्यावी म्हणून वापरावें. आणि आज ज्या घरांत एखादी आई, काकू किंवा आत्या आपली गांठ पदराआड लपवून बसली असेल, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं "हें तुझ्यामुळें नाहीं, आणि तुझ्या आईमुळेंही नाहीं" एवढें एक वाक्य तिला स्पष्ट सांगावें, व उद्यांच तिला रुग्णालयांत घेऊन जावें.